खंडेनवमीचं पाणी

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे आमच्या आईला कधीच धड सांगता आलं नाही. कोणी विचारलं की ती ऐटीत म्हणायची, "फ्याक्टरीत नीर मोजते." ऐकणाऱ्याला वाटायचं, मी पाणीपुरवठा खात्यात आहे. मग पुढचा प्रश्न ठरलेला: आमच्या गल्लीतल्या नळाला पाणी कधी येणार? समोरच्या घरातली एक मावशी तर रस्त्यात गाठून मला जाब विचारायची. शेवटी मी खुलासा करणं सोडून दिलं आणि "सांगते हं साहेबांना" म्हणून पुढे सटकायला लागले.

मी मोजायचे ते पाणी डोळ्यांना दिसत नाही. म्हैसूरजवळच्या हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीत औषधाची भुकटी करणारा एक कारखाना होता, त्याच्या प्रयोगशाळेत मी कामाला होते. गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमची भुकटी ड्रममध्ये भरून दुसऱ्या कंपन्यांना जायची आणि तिकडे तिच्या कॅप्सूल व्हायच्या. हाताला ती अगदी कोरडी लागायची, फुंकर घातली तर उडायची. तरी तिच्यात थोडं पाणी असायचंच. ते मर्यादेपेक्षा जास्त असलं तर पावसाळ्यातल्या मिठासारखे तिचे गोळे होतात आणि औषधाचा गुण जातो. म्हणून माल कारखान्याबाहेर पडण्याआधी प्रत्येक बॅचचा नमुना माझ्याकडे यायचा.

पद्धत सांगायला सोपी आहे. काचेच्या बंद भांड्यात मिथेनॉल घ्यायचं आणि वरच्या ब्युरेटच्या खुणांच्या नळीतून तपकिरी द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं. त्या द्रावणात आयोडीन असतं, ते पाण्याबरोबर संपत जातं. पाणी आहे तोवर तपकिरी रंग टिकत नाही. पाणी संपलं की टिकतो आणि यंत्राचा काटा एका जागी थांबतो. आधी मिथेनॉलमधलंच पाणी असं संपवून घ्यायचं, मग तोलून घेतलेली भुकटी आत टाकायची आणि पुन्हा द्रावण सोडायचं. जेवढं द्रावण लागलं तेवढं भुकटीत पाणी. पण हे द्रावण मोठं हावरट. ते हवेतलं पाणी घेतं, ओल्या चमच्यावरचं घेतं, झाकण उघडं ठेवून कोणी गप्पा मारत उभं राहिलं तर त्याच्या श्वासातलंही घेतं. त्यामुळे हे काम करणारा माणूस हळूहळू संशयी होतो. मी तर घरी कोशिंबिरीच्या वाटीवरही ताटली ठेवायला लागले होते.

आणि वास! त्या काळी या द्रावणात पिरिडीन असायचं. नासलेल्या मासळीचा असावा तसा वास, आणि तो केसात, ओढणीत, जेवणाच्या डब्याच्या झाकणातही जाऊन बसायचा. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरायची. घरी आल्यावर आई दारातच म्हणायची, "आधी स्नान कर, आमेले आत ये." आमेले म्हणजे मग, नंतर. आमच्या घरची मराठी अशीच, दर वाक्याला कन्नडचा हात धरून चालणारी. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार म्हणून आले, असं सांगतात. त्यांना घोडे मिळाले, आम्हाला कंपनीची बस मिळाली.

तर या वासातून सुटायचा एकच रस्ता होता. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक काचेची केबिन होती, तिला दार होतं आणि ते बंद होत असे. त्या केबिनमध्ये आमचे इन्चार्ज बसायचे. ते त्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर प्रयोगशाळेत सगळ्यात जुनी मीच होते. मॅनेजरसाहेबांनी मला स्वतः बोलावून सांगितलं होतं, "दसरा होऊ द्या मेडम, मग तुमचं ऑर्डर काढतो." मी घरी सांगितलं, आईनं देवापुढे साखर ठेवली. मी ती खुर्ची मनातल्या मनात कितीदा पुसली असेल! बढतीपेक्षाही मला ते दार हवं होतं, जे लावून घेतलं की वास बाहेर राहतो.

म्हैसुरात दसरा म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. सारं गाव दहा दिवस अंगात आल्यासारखं वागतं. नवमीला आयुधपूजा. आम्ही घरी तिला खंडेनवमी म्हणतो. शस्त्रांची पूजा करायची, पण तलवार केव्हाच कुठल्याशा चुलत्याच्या वाटणीत गेलेली. म्हणून आमच्या पाटावर विळी, कात्री, अडकित्ता आणि दारात भावाची स्कूटर. कारखान्यात तर बॉयलरपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना झेंडू-शेवंतीच्या माळा पडायच्या, कुंकू लागायचं, दारात कोहळा फुटायचा. आणि एक नियम सगळे पाळायचे: पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही. त्याला विश्रांती. एरवी माणसाला विश्रांती न देणारे लोकही हा नियम अगदी काटेकोर पाळत.

प्रयोगशाळेची पूजा माझ्याकडे होती. का, तर मी बाई. कुंकवाची कोयरी धरायला जन्मली असेल तर हीच, असं सगळ्यांचं मत होतं. माझी ना नव्हती. पण मी माझ्या यंत्राची पूजा माझ्या पद्धतीनं करायचे. आधी ते बंद करायचं, भांड्याची सगळी तोंडं बुचानं लावून टाकायची, वरून प्लॅस्टिकचा जाड कागद घालून दोरीनं बांधायचा आणि त्या कागदाच्या वर माळ. पाणी शिंपडायचं नाही, म्हणून सक्त ताकीद. "देवाला पाणी चालत नाही का?" असं एकानं विचारलं, तर मी म्हटलं, "या देवाला नाही."

आमची पूजा झाल्यावर आरतीचं ताट घेऊन मला मालकांच्या मागे सगळ्या विभागांतून फिरायचं होतं. दरवर्षी ही फेरी दुपारनंतर असायची, तोवर चालू कामं उरकलेली असत. त्या वर्षी मालकांच्या घरी दसऱ्याचे पाहुणे उतरले होते, म्हणून ते सकाळीच आले. आम्ही वाळवण विभागात गेलो. तिथे ड्रायर म्हणजे माणसाएवढं गरम कपाट, त्यात ट्रेवर ओली भुकटी पसरून ठेवतात. फोरमननं घाईघाईनं बटण बंद केलं, दाराला माळ घातली आणि आतही कुंकू लावायचं म्हणून दार उघडलं. मी ताट घेऊन समोरच होते. ट्रे भरलेले होते. भुकटीवर अजून ओलसर चकाकी होती.

मी हळूच म्हटलं, "अहो, हे वाळलं कुठंय अजून?"

"मेडम, आधी आरती," फोरमन दबक्या आवाजात म्हणाला. "मालक उभे आहेत."

आरती झाली, कोहळा फुटला, मालकांनी सगळ्यांच्या हातावर चुरमुरे आणि मिठाई ठेवली. ते पुढे गेल्यावर मी पुन्हा विचारलं. फोरमननं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला देवळात चपला घालून यायला सांगत होते. "पूजा झालेली मशीन आज कशी चालू करायची? काही झालं तर तुम्ही जबाबदार?" मी ताट उचलून मालकांच्या मागे निघाले. मला वाटलं, सुट्टी संपल्यावर पुन्हा वाळवतील.

वाळवली नाही. सुट्टी संपली तेव्हा माल न्यायला गाडी दारात उभी होती. "बंद कपाटातच होती की, वाळली असेल," असं म्हणून वाळवण विभागातल्यांनी भुकटी ड्रममध्ये भरली. ओले कपडे कपाटात ठेवून वाळवणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

नमुना माझ्याकडे आला. मी सकाळीच माळ काढून ठेवली होती, प्लॅस्टिक सोडलं होतं, ओल शोषणारे निळे खडे नवे भरले होते. यंत्र बरोबर दाखवतं की नाही हे पाहायला मोजून घेतलेलं पाणी बारीक सुईनं आत सोडलं, ते यंत्रानं बरोबर दाखवलं. मग नमुना घातला. द्रावण उतरत राहिलं, उतरत राहिलं. निकाल मर्यादेच्या बराच वर. मी दुसरा नमुना घेतला. तोच निकाल. इन्चार्ज निवृत्तीआधीची शिल्लक रजा संपवत होते, म्हणून मी मॅनेजरसाहेबांकडे गेले.

त्यांनी आकडा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "मशीनची पूजा कोणी केली?"

"मीच. तुम्हीच सांगितलं होतं, सर."

"फुलं ओली होती?"

"फुलं ओलीच असतात. ती प्लॅस्टिकच्या वर होती आणि यंत्र बंद होतं. आज सकाळी तपासलंय मी, बरोबर चाललंय."

"नोडी मेडम," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. नोडी म्हणजे बघा. आमच्याकडे बघा म्हटलं की पुढे न बघण्याविषयीच काहीतरी येतं. "पूजेचं पाणी गेलं असेल आत. होतं असं."

मी ड्रायरचं सांगितलं. ओले ट्रे सांगितले, सकाळची आरती सांगितली. त्यांनी उठून दार लावलं. "म्हणजे मालकांनी आरती केली म्हणून माल ओला राहिला, असं मी वर लिहू?"

मी म्हटलं, "आरतीनं नाही. ड्रायर बंद केल्यानं."

"एकच झालं. बिडी." बिडी म्हणजे सोडा. आमच्या कारखान्यातले अर्धे प्रश्न या एका शब्दानं सुटत.

फेरतपासणी दुसऱ्याकडून करून घ्यायचं ठरलं. दुसरा म्हणजे सरगूरकडून आलेला एक तरुण केमिस्ट, ज्याला हे काम मीच शिकवलं होतं. चांगला होता, नम्र होता, मला अक्का म्हणायचा. नम्र माणसाची एक अडचण असते, तो सगळ्यांशीच नम्र असतो. मॅनेजरसाहेब त्याच्या एका बाजूला उभे राहिले, मी दुसऱ्या. त्यानं भुकटी घातली. ओलीमुळे तिचे बारीक गोळे झाले होते, ते विरघळायला वेळ लागतो आणि विरघळेपर्यंत आतलं पाणी बाहेर येत नाही. काटा मध्येच जरा थांबला. यंत्राला वाटलं, संपलं.

मी म्हटलं, "थांब, तळाशी बघ. गोळे आहेत अजून."

त्यानं तळाशी पाहिलं नाही. त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "काटा थांबला ना? मग झालं." निकाल मर्यादेच्या आत आला. भांड्याच्या तळाशी पांढरे गोळे स्वच्छ दिसत होते, आणि आम्ही तिघंही ते बघत होतो.

मग साहेबांनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. माझा पहिला निकाल रद्द करायचा होता, आणि त्यासाठी हाताची चूक झाली अशी माझी सही हवी होती. "एक सही करा. बाकीचं मी बघतो. तुमच्या ऑर्डरचंही बघतो." इतकं उघड. माझ्या हाताची चूक नव्हती. माझा हात त्या कामात चुकत नव्हता, आणि सगळ्या कारखान्यात माझ्या मालकीचं म्हणावं असं तेवढंच होतं. मी सही केली नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती ताक घुसळत होती. "सही केलीस?" "नाही." तिनं रवीला लागलेलं लोणी बोटानं काढलं. मग म्हणाली, "आयतु, झालं ते झालं. बरं केलंस का वाईट केलंस, देवाला गोत्तु." देवाला ठाऊक, म्हणजे तिला तरी पटलेलं नव्हतं.

लोक म्हणतात, खरं वागलं की मनाला समाधान मिळतं. मला मिळालं नाही. मला खुर्ची हवी होती. सही न करताही ती मिळेल असं मला कुठेतरी वाटत होतं, आणि त्या भाबडेपणाचा मला अजून राग येतो. सही साहेबांनी स्वतःच केली, कारण म्हणून पूजेचं पाणी लिहिलं आणि माल गेला. इन्चार्ज निवृत्त झाले आणि ऑर्डर निघाली, ती त्या सरगूरच्या केमिस्टच्या नावानं. तो मिठाईचा डबा घेऊन आला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. "अक्का, सगळं तुमच्यामुळेच." ते खोटं नव्हतं. मी मिठाई खाल्ली आणि ब्युरेट भरायला गेले.

अवरेकाईचे, म्हणजे पावट्यासारख्या शेंगांचे दिवस आले, थंडी पडली, तेव्हा ते ड्रम परत आले. भुकटीचे दगड झाले होते. घेणाऱ्या कंपनीची माणसं चौकशीला येणार म्हणून कारखान्यात झाडलोट सुरू झाली. मला वाटलं, आता मला विचारतील. दोनदा मोजून सांगणारी मीच होते ना? आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "मेडम, तुमची रजा पुष्कळ शिल्लक आहे. उद्या घेऊन टाका." तो सबंध दिवस मी आईबरोबर अवऱ्याच्या शेंगा सोलत बसले. आई म्हणाली, "अशी दातओठ खाऊन सोलू नकोस, दाणा चेंगरतोय." माझ्या बोटांना त्या दिवशी शेंगांचा वास होता, पण मला पिरिडीनचाच येत राहिला.

चौकशीत काय ठरलं, ते मला परत गेल्यावर कळलं. आलेल्या माणसांनी परत आलेला माल तपासला, त्यात पाणी जास्त निघालं. मग पाठवताना कमी कसं निघालं? साहेबांनी सांगितलं, तेव्हा तपासणारा नवा होता, त्याचं शिक्षण अपुरं राहिलं होतं. शिकवलं कोणी? मी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे संन्याशाला आरतीचं ताटही धरायला लावलं होतं. ड्रायरचं नाव कोणी काढलं नाही. फोरमन मला जिन्यात भेटला, तर मान वळवून गेला.

उपाय ठरला तो असा: पाणी मोजणाऱ्या सगळ्यांना नव्यानं शिकवायचं, आणि शिकवायचं इन्चार्जनं. म्हणजे ज्याला अपुरं शिकवलं गेलं होतं त्यानं, जिनं अपुरं शिकवलं तिला. यात काही विचित्र आहे, असं त्या कारखान्यात कोणालाच वाटलं नाही.

वर्ग कँटीनमध्ये भरला. मी दुसऱ्या बाकावर बसले, नव्या पोरापोरींच्या मध्ये. तो फळ्याजवळ उभा राहिला आणि सांगायला लागला. "द्रावण हावरट असतं, हवेतलं पाणी घेतं." माझं वाक्य. "झाकण उघडं ठेवून गप्पा मारू नका." माझं वाक्य. "घाई करू नका, भुकटी पूर्ण विरघळली का ते तळाशी बघा." हे म्हणताना तो माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तो फळ्याकडे बघत होता. गुरूची विद्या गुरूला अशी फळलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

शेवटी परीक्षा झाली. प्रश्न सोपे होते, मीच कधीतरी त्याला तोंडी विचारलेले. शेवटचा होता: निकाल मर्यादेबाहेर आला तर कोणकोणती कारणं तपासाल? बाकीच्यांनी चार ओळी लिहिल्या. मी लिहायला बसले आणि माझा हात थांबेना. मालक सकाळी आले, इथून सुरुवात केली. ड्रायर कोणी बंद केला, ट्रे कसे होते, फोरमन काय म्हणाला, माझी माळ प्लॅस्टिकच्या कुठल्या बाजूला होती, काटा कशानं थांबला, तळाशी काय होतं, तिथे कोण कोण उभं होतं आणि कोणी काय पाहिलं. साहेबांच्या केबिनमध्ये मला काय देऊ केलं, तेही. पुरवणी मागून घेतली. खाली सही केली. इतके महिने जी सही मी देत नव्हते ती माझी मी होऊन केली, स्वच्छ अक्षरात.

त्यानंतरचे दिवस मी वाट पाहिली. आता बोलावतील, आता नोकरी जाईल, नाहीतर कोणी निदान ओरडेल तरी. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून मान वर करायचे. खोटं कशाला सांगू, भीतीपेक्षा आशाच जास्त होती. आई म्हणाली, "येनायतु गं, काय झालं? जेवत का नाहीस?" मी काही सांगितलं नाही.

पेपर परत मिळाले. त्यानं माझा पेपर स्वतः टेबलाशी आणून दिला, दोन्ही हातांनी. पहिल्या पानावर शंभरपैकी शंभर. मी उलटून पाहिलं. आत एकही खूण नव्हती. पुरवणीची टाचणी मी लावली होती तशीच होती.

"हे वाचलंस का तू?" मी विचारलं.

"तुमचा पेपर मी काय वाचायचा, अक्का? तुम्हीच तर शिकवलंय मला."

"शेवटचा प्रश्न तरी वाच."

तो हसला, अगदी प्रेमानं हसला, आणि केबिनकडे वळता वळता म्हणाला, "कशाला, अक्का? पास झालात की!"